शेवट ठाऊक नसलेला इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांची देवघेव करणाऱ्या माणसाला एक सवय आपोआप लागते. कोण काय वाचतो, कोणतं पुस्तक दोन दिवसांत परत येतं, कोणतं महिनाभर घरी राहतं, हे त्याच्या ध्यानात राहतं. त्या अनुभवाच्या जोरावर आज मी आपल्याशी थोडं बोलणार आहे. ऐतिहासिक कादंबरी मराठी माणसाला आवडते, हे काही नव्यानं सांगायला नको. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ यांच्या प्रती आमच्याकडे सतत बाहेरच असत. बांधणी उसवली की पुन्हा बांधून घ्यायच्या, की पुन्हा बाहेर. पण मला आज बोलायचंय ते वेगळ्या कादंबऱ्यांबद्दल. ज्या इतिहासाचं नावही आपण धड ऐकलेलं नसतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला दोन ओळीही मिळालेल्या नसतात, त्या इतिहासावरची कादंबरी माणूस का उचलतो? आणि एकदा उचलली की ती त्याला सोडत का नाही?

माझ्या पाहण्यात दोन प्रकारचे वाचक आले. पहिला वाचक ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला येतो. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटणार हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी ते प्रकरण आलं की त्याचा श्वास अडकतो. त्याचं वाचणं कीर्तन ऐकण्यासारखं असतं. आख्यान जुनंच, बुवा नवे. यात कमीपणा मुळीच नाही. आरती आपण कितव्यांदा म्हणतोय, हे कुणी मोजत नाही.

दुसरा वाचक मात्र येऊन म्हणतो, “ज्याचं नाव मला ठाऊक नाही, असं काहीतरी द्या.” हे वाचक संख्येनं कमी. पण मी सांगतो, श्रोतेहो, हे वाचक पुस्तक परत करताना जास्त बोलतात. काहीतरी सापडल्यासारखे बोलतात. आणि कधी कधी रागावलेलेही असतात.

त्यांच्या बोलण्यातून मला जे उमगलं ते असं. पहिली ओढ अगदी साधी आहे : शेवट ठाऊक नसतो. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ घ्या. १९६६ साली आलेली ही कादंबरी यशवंतराव होळकरांवर आहे. शाळेत आपण काय शिकतो? दुसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं, मराठे हरले, तह झाले. १८०३च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केला, इथं आपलं पुस्तक संपतं. पण त्यानंतर १८०४मध्ये हा एक माणूस एकटा उभा राहिला. कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यानं मुकुंदऱ्याच्या घाटातून माघार घ्यायला लावली. पुढं भरतपूरच्या किल्ल्याच्या आश्रयानं तो इंग्रजांशी लढला, पंजाबापर्यंत गेला, आणि १८०५च्या अखेरीस राजघाटला त्यालाही तह करावा लागला. १८११ साली तो वारला. हे सगळं ज्याला ठाऊक नाही, तो वाचक प्रत्येक पान उलटताना विचारतो, आता काय होईल?

आणि इथं एक मजेदार गोष्ट घडते. इतिहासातल्या माणसांनाही आपला शेवट ठाऊक नव्हता. १८०४ सालच्या शिपायाला काही माहीत नव्हतं की पुढं १८१८ येणार आहे. आपण मात्र सगळा इतिहास १८१८च्या गच्चीवर उभं राहून खाली बघतो आणि शहाण्यासारखे म्हणतो, “हे असं करायला नको होतं.” अपरिचित इतिहासाची कादंबरी आपल्याला त्या गच्चीवरून खाली उतरवते. त्या शिपायाइतकंच अडाणी करून त्याच्या शेजारी उभं करते. माझ्या मते इतिहास समजण्याची ती पहिली पायरी आहे.

दुसरी ओढ न्यायाची. आपल्या इतिहासात काही माणसं एका विशेषणात कायमची अडकून पडली आहेत. दुसरा बाजीराव म्हटला की ‘पळपुटा’. त्रिंबकजी डेंगळे म्हटलं की ‘खुनी’. १८१५ साली पंढरपूरला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. गायकवाडांचे वकील म्हणून आलेले हे शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. आळ त्रिंबकजींवर आला, इंग्रजांनी त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. १८१६मध्ये ते तिथून निसटले. पुन्हा धरले गेले, आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात १८२९ साली कैदेतच त्यांचा अंत झाला. इनामदारांची पहिली गाजलेली कादंबरी ‘झेप’ या माणसावर आहे, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर. म्हणजे ज्यांच्या वाट्याला टाळ्या नव्हत्या, नेमकी तीच माणसं या लेखकानं निवडली. वाचकाला अशा वेळी न्यायाधीश झाल्यासारखं वाटतं. खटला जुना, आरोपी मेलेला, पण फेरतपासणी सुरू! ठाऊक असलेल्या नायकासमोर आपण हात जोडून बसतो. ठाऊक नसलेल्या माणसासमोर आपल्याला विचार करावा लागतो.

तिसरी ओढ मला फार जवळची वाटते. ती म्हणजे साध्या माणसाची. इथं मी एका अशा पुस्तकाचं नाव घेतो जे कादंबरी नाही, पण कादंबरीचा वाचक ज्याच्यावर तुटून पडतो : विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून घरातून निघाला आणि थेट १८५७च्या वणव्यात सापडला. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. लूट, आग, तहान, भीती सगळं त्यानं पाहिलं. अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण त्यांनी त्यात बराच हात फिरवलेला होता. मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केलं. या पुस्तकात राणी लक्ष्मीबाई आहेत, पण कथा राणीची नाही. दक्षिणेचे रुपये कमरेला बांधून जीव वाचवणाऱ्या एका गरीब माणसाची आहे. आमचे सभासद हे पुस्तक परत करताना तलवारींबद्दल कधी बोलले नाहीत. “त्या बिचाऱ्याचे पैसे गेले हो,” असं म्हणायचे. आपण स्वतः त्या काळात असतो तर कोण असतो? राणी नक्कीच नसतो, सरदारही नसतो. आपण गोडसे भटजी असतो. अपरिचित इतिहास वाचताना माणूस बहुधा स्वतःलाच शोधत असतो.

चौथी गोष्ट. अपरिचित इतिहास नेहमी लांबचाच असतो असं नाही. ओळखीच्या घटनेलाही माजघर असतं. पानिपत १७६१ हे शब्द मराठी मुलाला अंकलिपीबरोबर कळतात. पण सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांचं पुढं काय झालं, हे किती जणांना ठाऊक असतं? त्या पानिपतच्या मोहिमेत बरोबर होत्या, जिवानिशी परतल्या. भाऊंचं काय झालं याची त्यांच्या मनाची खात्री कधीच झाली नाही, त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. त्यातच भाऊंचा तोतया उपटला. एक परका माणूस उठतो आणि म्हणतो, “मीच तो.” त्याच्यामागं हजारो माणसं जातात, कोकणातले किल्ले जातात, आणि १७७६ साली तो पकडून मारला जातो. पार्वतीबाई १७८३पर्यंत जगल्या. म्हणजे पानिपतानंतर बावीस वर्षं! इनामदारांची ‘शिकस्त’ ही त्यांची कादंबरी.

आमच्या वाचनालयात एक बाई ही कादंबरी पुन्हा पुन्हा नेत. मी एकदा सहज विचारलं, “एवढी आवडली का?” त्या म्हणाल्या, “आवडली असं नाही. माझा धाकटा भाऊ मुंबईला कामाला म्हणून गेला, तो परत आला नाही. आईनं शेवटपर्यंत त्याचं ताट मांडलं. आम्हाला वाटायचं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. हे वाचून वाटतं, नसेल झाली.” श्रोतेहो, पानिपतावरचे मोठमोठे ग्रंथ आमच्या कपाटात होते. त्यांत फौजांचे आकडे होते, तोफांचे आकडे होते. या बाईंना जे हवं होतं ते आकड्यांत नव्हतं.

आता मी थोडा अवघड भाग सांगतो. कारण आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी तशा गोड आहेत. आपली माणसं, त्यांच्यावरचा अन्याय, त्यांचं दुःख. पण ठाऊक नसलेला इतिहास दर वेळी आपल्या बाजूचा निघेलच असं नाही.

नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ ही कादंबरी १९९७ साली आली. नंदा खरे नागपूरचे, व्यवसायानं स्थापत्य अभियंता. २०२२ साली ते गेले. अंताजी हा कुणी थोर पुरुष नाही. चारचौघांसारखा, जमेल तसा जगणारा, स्वतःकडेही तिरकस नजरेनं पाहणारा माणूस. तो आपली बखर आपणच सांगतो, आणि त्या बखरीत बंगालच्या स्वाऱ्या येतात.

या स्वाऱ्यांबद्दल आपल्याला काय ठाऊक असतं? बहुतेकांना काहीच नाही. थोडक्यात सांगतो. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले. तिथं नवाब अलीवर्दीखान. मागणी चौथाईची. नवाबावर नाराज असलेला मीर हबीब मराठ्यांना मिळाला आणि नवाबाच्या राजधानीवर, मुर्शिदाबादवर, धाड गेली. जगत्‌शेठची पेढी लुटली गेली. पुढच्या वर्षी खुद्द रघूजी आले, आणि त्यांना रोखण्यासाठी कोण यावं? नानासाहेब पेशवे! नवाबाकडून बावीस लाख रुपये खर्चाला घेऊन पेशव्यांनी भोसल्यांना बंगालबाहेर काढलं. मराठ्यांविरुद्ध मराठे, पैसे नवाबाचे. १७४४मध्ये अलीवर्दीखानानं भास्कररामांना बोलणीसाठी मानकऱ्याच्या छावणीत बोलावलं आणि तंबूतच त्यांना वीसएक सरदारांसह कापून काढलं. स्वाऱ्या चालूच राहिल्या. अखेर १७५१ साली तह झाला. ओडिशाचा मुलूख मराठ्यांकडे आला, आणि बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली. ओडिशात मराठ्यांचा अंमल पुढं १८०३पर्यंत राहिला.

हे झालं आपल्या बाजूनं. आता तिकडच्या बाजूनं बघा. बारगीर हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. बंगालात या शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी म्हणजे रात्री येणारा, गाव जाळणारा, लुटणारा. त्याच काळात गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं एक काव्य लिहिलं, त्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. नाव ऐकून आपल्याला बरं वाटेल. पण त्यात वर्णन आहे ते गावंच्या गावं पळून जाण्याचं. पंडित पोथ्यांची ओझी घेऊन पळतोय, सोनार तराजू घेऊन पळतोय, बायकांवर अत्याचार होताहेत. कलकत्त्याच्या लोकांनी तर भीतीपोटी शहराभोवती खंदकच खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला आणि मराठे काही तिथपर्यंत आले नाहीत. पुढं तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. पण बागबाजार भागात एका गल्लीला अजून ‘मराठा डिच लेन’ म्हणतात.

आणि एक अंगाई आहे. बंगालात घरोघर म्हटली जाणारी. तिच्यात बाळ झोपतं, बर्गी येतात, धान पाखरांनी खाल्लेलं असतं, आणि सारा कशातून भरायचा ही आईची चिंता असते.

आमचे एक सभासद रेल्वेत होते, नोकरीची बरीच वर्षं खडगपूरला काढलेली. त्यांनी ही कादंबरी नेली. परत द्यायला आले तेव्हा काउंटरवर गर्दी नव्हती. म्हणाले, “आमची दोन्ही मुलं तिकडेच लहानाची मोठी झाली. शेजारच्या बंगाली बाई त्यांना मांडीवर घेऊन तीच अंगाई म्हणायच्या. आम्हाला चाल पाठ होती. बर्गी म्हणजे कोण, हे आम्ही कधी विचारलंच नाही. बाईंनीही कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणारच.” मग थोडं थांबून म्हणाले, “बघा, किती मोठ्या मनाच्या असतील.”

हेच पुस्तक दुसऱ्या एका सभासदांनी चिडून परत केलं. “असली पुस्तकं वाचनालयात ठेवताच कशाला? आपल्याच माणसांची बदनामी.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ग्रंथपालानं वाद घालायचा नसतो, दुसरं पुस्तक द्यायचं असतं. मी सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चा त्या काळावरचा भाग त्यांच्या हातात ठेवला. गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादले, मराठ्यांच्या इतिहासाला आयुष्य दिलं. त्यांच्यावर कुणी मराठ्यांच्या द्वेषाचा आरोप करणार नाही. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ आले. म्हणाले, “लूट झाली हे खरं दिसतंय. पण ते आता सांगायची गरज काय?”

हा प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो. ते गृहस्थ अप्रामाणिक नव्हते. त्यांनी दोन पुस्तकं वाचून आपला आक्षेप बदलला होता. ‘खोटं आहे’ इथून ते ‘खरं आहे, पण कशाला’ इथं आले होते. त्यांना मी तेव्हा जे म्हणालो तेच आज आपल्याला सांगतो. गरज अशी, की आपल्या मुलुखावर जेव्हा परकी फौज चालून आली, तेव्हा आपल्या गावांचं काय झालं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. ते सांगण्याचा आपला हक्क कुणी हिरावू नये असं आपल्याला वाटतं. मग तोच हक्क बर्दवानच्या शेतकऱ्यालाही आहे. आणि अंताजीसारखा आपलाच माणूस आपल्याच भाषेत ते सांगतो, तेव्हा ऐकणं थोडं सोपं जातं. तहाच्या कलमांत बारा लाखांचा आकडा असतो. ते बारा लाख कुणाच्या घरातून निघाले, हे कादंबरी विचारू शकते. अशानं आपला इतिहास लहान होत नाही. त्यात राहणारी माणसं वाढतात, एवढंच.

पण श्रोतेहो, कादंबरीची एवढी बाजू घेतल्यावर तिचा धोकाही सांगितला पाहिजे. आणि हा धोका अपरिचित इतिहासाच्या बाबतीत दुप्पट असतो.

ओळखीच्या इतिहासात वाचक स्वतः पहारेकरी असतो. अफझलखानाची भेट रायगडावर झाली असं कुणी लिहिलं, तर चौथीतला मुलगाही ओरडेल, “प्रतापगड!” पण अनोळखी इतिहासात पहाऱ्यावर कुणीच नसतं. लेखक सांगेल ते खरं. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला. तिथं आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आपल्या भाषेत म्हणीसारखी रुजली आहे. पण तसा बदललेला कागद कुणी दाखवलेला नाही. एका बाईच्या कपाळी अडीचशे वर्षं जो डाग आहे, त्याच्यामागं कागद नाही, गोष्ट आहे. गोष्ट कागदापेक्षा बळकट असते ती अशी. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ची. तिच्यावर २०१५मध्ये मोठा हिंदी चित्रपट निघाला. आज मस्तानी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते कादंबरीतून आणि पडद्यावरून आलेलं आहे. तिच्याविषयीचे अस्सल कागद मात्र फार थोडे आहेत.

आता तर पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर रोज सकाळी ‘तुमच्यापासून लपवलेला इतिहास’ येतो. “हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही” या वाक्यानं सुरुवात, आणि “पुढं पाठवा” या वाक्यानं शेवट. मला या मजकुरांची भीती वाटते ती एवढ्यासाठी, की त्यांनी आपली तीच जुनी ओढ ओळखली आहे. ठाऊक नसलेलं जाणून घ्यायची, न्याय करायची, आपलं माणूस शोधायची. ओढ तीच, पण तिला घातलेलं खाद्य वेगळं. चांगली कादंबरी वाचून झाल्यावर माणसाच्या मनात प्रश्न उरतो. असला मजकूर वाचल्यावर फक्त राग उरतो. आणि राग दहा सेकंदांत पुढं पाठवता येतो, प्रश्न पाठवता येत नाही.

मग वाचकानं करायचं काय? कादंबरीच्या प्रत्येक पानाला पुरावा मागायचा का? तसं केलं तर कादंबरी मरेल. रात्री अंथरुणावर पडून पार्वतीबाई काय विचार करत होत्या, याचा कागद कुठल्याच दफ्तरात मिळणार नाही. तिथं लेखकावर विश्वास टाकावाच लागतो. मी आमच्या वाचकांना तीन गोष्टी विचारायला सांगत असे. एक, या पुस्तकातली कोणती माणसं खरोखर होऊन गेली आणि कोणती लेखकानं उभी केली, हे लेखक सांगतो का? पुष्कळ चांगले लेखक प्रस्तावनेत सांगतात, आपण प्रस्तावना वाचत नाही. दोन, या पुस्तकात शत्रूच्या घरात चूल पेटते का? म्हणजे पलीकडच्या माणसाला आई, मूल, भूक, भीती आहे का, की तो फक्त मरायला येतो? तीन, पुस्तक मिटल्यावर मला दुसरं पुस्तक वाचावंसं वाटतं का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या कादंबरीनं आपलं काम केलं असं खुशाल समजावं.

कारण शेवटी मूळ सामग्री आपल्याकडे भरपूर आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढं बावीस खंडांपर्यंत ती माला गेली. त्यासाठी हा माणूस गावोगाव पायी हिंडला, माळ्यावरची, वाळवीनं खाल्लेली दफ्तरं उपसत बसला. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेकर पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. आणि तरीही पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे कितीतरी रुमाल असे आहेत, की ज्यांच्यातली गोष्ट अजून कुणी वाचलेली नाही. मोडी वाचणारी माणसं थोडी, रुमाल फार.

आणि न लिहिलेल्या कादंबऱ्या तर किती आहेत! तंजावरला बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ मुलुखात बसून दगडावर मराठी लिहिणारा तो कारागीर कोण असेल? पहिल्या महायुद्धात, १९१५च्या डिसेंबरात, इराकमधल्या कुत-अल-अमारा इथं पुणे डिव्हिजनला वेढा पडला. एकशे सत्तेचाळीस दिवस. त्यात मराठा पलटणींचे जवान होते. १९१६च्या एप्रिलमध्ये उपाशी फौजेनं शरणागती पत्करली आणि हे लोक कैदी म्हणून वाळवंटातून चालत गेले. सातारा, रत्नागिरीकडच्या किती घरांत त्यांची वाट पाहिली गेली असेल? ओडिशात बावन्न वर्षं मराठ्यांचा अंमल होता. तिथं गेलेल्या एखाद्या कारकुनाच्या बायकोला पुरीचा समुद्र पहिल्यांदा पाहून काय वाटलं असेल?

हे प्रश्न इतिहासकार विचारणार नाही, कारण त्याच्यापाशी कागद नसतो. ते कादंबरीकारानं विचारायचे. आणि लेखकानं ते विचारावेत म्हणून तसं पुस्तक मागणारा वाचक लागतो. वाचनालयात मागणीची एक वही असते. आपल्याला हवं असलेलं पुस्तक सभासदानं त्यात लिहायचं. बहुतेक ठिकाणी ती वही कोरी असते. माझी आपल्याला विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी वाचनालयात जाल तेव्हा त्या वहीत एक नाव लिहा. ज्या इतिहासाबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, ज्यात आपला जय होईल की नाही याची खात्री नाही, अशा एखाद्या पुस्तकाचं. ग्रंथपाल ते मागवील. त्याला असे वाचक फार आवडतात, हे मी अनुभवानं सांगतो.